सॅन स्टॉर्ममध्ये साउंड सिस्टीम: टप उघडला की डग्गा गायब, काय करू?

टपउघडा

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मामाची सॅन स्टॉर्म गेल्या दिवाळीत माझ्याकडे आली. ज्यांना ही गाडी आठवत नाही त्यांच्यासाठी, नव्वदीच्या शेवटी गोव्यात बनायला लागलेली दोन सीटची उघडी गाडी, फायबरची बॉडी, कापडी टप, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन आणि ६० बीएचपी. हो साठच, हसायचं ते हसून घ्या, पण सकाळी साडेसहाला टप उघडून मरीन ड्राइव्हला वळलात की साठ पुरतात. मामाने जीव लावून ठेवलीय, जुन्या गाडीचं पासिंग वगैरे सगळं त्यानेच करून दिलं. फक्त गाण्यांच्या बाबतीत त्याचं म्हणणं एकच, "इंजिन ऐक, गाणी घरी ऐक."

तर प्रॉब्लेम असा. डेक जुना सीडीवाला आहे, दारात पाच इंची स्पीकर, त्यातल्या डावीकडच्याचा कडेचा फोम हात लावला की पापडासारखा तुटतो. टप लावलेला असेल तर चालवून घेतो मी. पण टप उघडून कोस्टल रोडला लागलं की सत्तरला तबल्यातला डग्गा पूर्ण गायब, नुसती चाट ऐकू येते आणि गायकाचे स आणि श तेवढे कानात टोचतात, आवाज वाढवला की स्पीकर फाटल्यासारखा करतो, मग चिडून बंद करतो आणि मामा मनातल्या मनात जिंकतो.

परवा एका दुकानात दाखवली. त्याने सांगितलं डिक्कीत १२ इंची वूफर, 'दोन हजार वॅट'चा अ‍ॅम्प, दारात जमेल तेवढे मोठे स्पीकर. मी म्हटलं मग दुमडलेला टप, सामान वगैरे कुठे जाणार, तर म्हणाला साहेब या गाडीत सामान कोण नेतं.

बजेट चाळीस हजार, थोडं ताणता येईल. कुणी उघड्या गाडीत हे केलंय का?

हवाहवाई_७७

प्रश्नाचं उत्तर येत नाही पण स्टॉर्मचा फोटो टाकल्याशिवाय धागा पुढे जाऊ देणार नाही.

बेसचा_बादशहा

भाऊ दुकानदार बरोबर बोलतोय उघड्या गाडीत बेस उडून जातो म्हणून तर मोठा वूफर लागतो माझ्या स्विफ्टमध्ये १२ इंची आहे काचा थरथरतात सिग्नलला लोक वळून बघतात, दोन हजार वॅट घेच नंतर पस्तावशील

सोल्डरकाका

बादशहा, स्विफ्टच्या काचा थरथरतात कारण स्विफ्टला काचा आणि छप्पर आहे. तिथेच सगळी मेख आहे.

टपउघडा, थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बस.

बंद गाडी म्हणजे एक छोटी पेटी. खालच्या स्वरांची लांबी गाडीपेक्षा मोठी असते (५० हर्ट्झची लाट जवळपास सात मीटरची), त्यामुळे ती लाट गाडीत धावत नाही, आतली सगळी हवा एकदम दाबते आणि सोडते. वूफरने थोडी जरी हवा ढकलली तरी कोंडलेल्या हवेत दाब भराभर वाढतो. म्हणून बंद गाडीत खालचा बेस फुकटात मिळतो, जितकं खाली जाल तितका जास्त. टप उघडलास की ती पेटीच राहिली नाही, हवा दाबायला गेलं की ती वरून पळते. तुझा डग्गा हरवला नाही, तो आधी उधारीवर येत होता, आता उधारी बंद झाली.

त्यात दुसरी गंमत म्हणजे वाऱ्याचा आवाज. त्याचा सगळ्यात जास्त जोर खालच्या पट्टीतच असतो. म्हणजे एकीकडे बेस कमी झाला आणि त्याच जागेवर वारा येऊन बसला. वरचे स, श तेवढे वाऱ्याच्या वर डोकं काढतात, म्हणून ते टोचतात.

आता वॅट. पॉवर दुप्पट केलीस की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, त्यासाठी पॉवर दहापट. वाऱ्याशी वॅटने कुस्ती खेळायला जाऊ नकोस, वारा पहिलवान आहे आणि त्याला वीजबिल येत नाही.

डेकवर लिहिलेले '५० वॅट गुणिले ४' हेही विसर. गाडीत मिळतात १४.४ व्होल्ट, तेसुद्धा इंजिन चालू असताना. ४ ओहमच्या स्पीकरला डेकमधली चिप त्यातून खरे वीसेक वॅट देते, त्याच्यापुढे आवाज नाही, फाटणं वाढतं. तुझा स्पीकर फाटतोय असं तुला वाटतं ते बरंचसं डेकच फाटतोय.

मग करायचं काय, तर क्रम उलटा लाव. आधी वारा कमी कर. मग स्पीकर कानाजवळ आण. मग दारं नीट कर. अ‍ॅम्प सगळ्यात शेवटी, आणि तोही छोटा.

टपउघडा

काका एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. पण 'कानाजवळ' म्हणजे? हेडफोन?

सोल्डरकाका

अजिबात नाही. गाडी चालवताना कान बंद करायचे नाहीत, मुंबईत तर नाहीच, मागून येणारी अ‍ॅम्ब्युलन्स ऐकू आली पाहिजे.

मी म्हणतोय हेडरेस्टमधले स्पीकर. माझदाची एमएक्स-५ म्हणून छोटी उघडी गाडी आहे, १९८९ पासूनची, आपल्याकडे कंपनीने कधी विकली नाही पण जगात या जातीची सगळ्यात जास्त खपलेली. तिच्या पहिल्या मॉडेलमध्येच हेडरेस्टमध्ये स्पीकर मिळायचे. ती माणसं वेडी नव्हती.

हिशोब साधा आहे. उघड्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबल वाढतो. दारातला स्पीकर तुझ्या पोटरीपाशी, कानापासून नव्वद सेंटिमीटर धर. हेडरेस्टमधला बावीस-तेवीस. म्हणजे अंतर दोनदा निम्मं झालं, १२ डेसिबल मिळाले. म्हणजे तिथला एक वॅट दारातल्या सोळा वॅटचं काम करतो. डेकचे फुसके वीस वॅट तिथे रग्गड होतात.

तोटा एकच, नुसते तेच लावलेस तर गाणारा मागच्या सीटवर बसून मानेत गातोय असं वाटतं, आणि तुझ्या गाडीला मागची सीट नाही. त्याला इलाज आहे, पुढे सांगतो, आता सौ. जेवायला हाका मारतायत.

माहीमची_मासोळी

आमच्याकडे कापडी टपाची थार आहे. तिच्यात स्पीकर वर, डोक्याच्या जवळ दिलेत, आणि मला आधी वाटायचं हा काय मूर्खपणा, दारात का नाही दिले, पण वर्सोव्याहून अलिबागला टप काढून गेलो तेव्हा कळलं. काका म्हणतायत ते शंभर टक्के. जवळ असलेला छोटा स्पीकर लांबच्या मोठ्यापेक्षा बरा.

एक माझ्याकडून. समुद्राजवळ राहत असाल तर कागदी कोनचे (कोन म्हणजे हलणारा पडदा) आणि फोमच्या कडेचे स्पीकर घेऊ नका. मी एकदा घेतले, आवाज सुंदर होता, दोन पावसाळे टिकले. पॉलीप्रॉपिलीनचा कोन आणि रबरची कड बघून घ्या, बोटीसाठीचे म्हणून विकतात ते तर आणखी चांगले, त्यांना खारी हवा आणि ऊन दोन्ही चालतं. आणि कनेक्टरवर थोडं ग्रीस. माहीमला खिडकीचे गज तीन वर्षांत फुगतात तिथे तुमच्या तांब्याच्या तारेचं काय घेऊन बसलात.

शांतताप्रिय

सगळे तज्ज्ञ जमलेत म्हणून विचारतो. हा आवाज नेमका कुणाला ऐकवायचाय? आमची सोसायटी रस्त्याला लागून आहे, रात्री साडेअकराला असल्या गाड्या सिग्नलला थांबतात तेव्हा माझ्या आईची झोप मोडते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हॉस्पिटल, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. हे कुणी वाचतं का?

बेसचा_बादशहा

आला मोर्चा 😄

टपउघडा

@शांतताप्रिय, तुमची तक्रार रास्त आहे, आमच्याही खाली रात्री तसेच जातात. म्हणूनच तर विचारतोय, मला सिग्नलवाल्यांना ऐकवायचं नाही, माझ्या मला ऐकायचंय. आणि माझी ड्राइव्ह सकाळी असते, रात्री मी साडेदहाला घोरतो.

सोल्डरकाका

शांतताप्रिय यांचा मुद्दा अवांतर नाही, उलट मुद्द्याला धरून आहे. डिक्कीतला १२ इंची वूफर टप उघडल्यावर गाडीतल्यापेक्षा रस्त्यावरच्याला जास्त त्रास देतो, कारण बेस भिंतीतून जातो. कानाजवळचा स्पीकर कमी आवाजात भागवतो. सिग्नलला थांबलास की वारा थांबतो, तेव्हा आवाज कमी कर, एवढा शिष्टाचार पाळ. काही डेक वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमीजास्त करतात पण तुझ्या गाडीत वेगाची तार शोधण्यात जन्म जाईल. हाताने फिरवायचं गोल बटण असलेला डेक घे. मोठ्या स्क्रीनचा घेऊ नकोस, टप उघडा असताना भर उन्हात स्क्रीनवर फक्त तुझं तोंड दिसेल.

आता कालचं अर्धवट राहिलेलं.

पहिलं वारा. काचा वर ठेव, निम्मं भांडण तिथेच मिटतं. दुसरं म्हणजे सीटच्या मागे एक आडवी अक्रिलिकची पट्टी लाव. वारा पुढच्या काचेवरून जातो आणि सीटमागे वळून परत मानेवर येतो, तो भोवरा तिथेच अडव. आधी पुठ्ठ्याचा कापून बघ, मग ५ मिलीमीटरचं अक्रिलिक कापून घे, कडा घासून घे.

दुसरं दारं. स्पीकर पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला जी मोठी भोकं असतात त्यातून मागची लाट पुढे आली की दोघी एकमेकींना खातात, सगळ्यात जास्त बेसमध्ये. तुझ्या गाडीत तर दार फायबरचं, हलकं, स्पीकरबरोबर तेही वाजत असणार. ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारी) लावून भोकं बंद कर. डांबरी शीट स्वस्त मिळते, घेऊ नकोस, मे महिन्यात दारातून ओघळते आणि गाडीला नवीन रस्त्याचा वास येतो.

आणि हे ठळक अक्षरात वाच, दाराच्या तळाची भोकं बंद करायची नाहीत. काचेवरून पाणी दारात जातच असतं, ते तिथून बाहेर पडतं. ती बुजवलीस तर जुलैत दारात मासे पाळता येतील.

तिसरं, स्पीकर. दारात साडेसहा इंची कंपोनंट सेट (वूफर आणि ट्वीटर वेगवेगळे) बसतो का माप घेऊन बघ, खोली विशेष करून, काच खाली आल्यावर चुंबकाला आपटता कामा नये. घेताना वॅट बघू नकोस, सेन्सिटिव्हिटी बघ, म्हणजे तेवढ्याच वॅटला कोण जास्त वाजतो ते. ९१ डेसिबलवाला स्पीकर ८८ वाल्यापेक्षा निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच वाजतो. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, वर, काचेच्या खांबापाशी. हेडरेस्टमध्ये तीन-साडेतीन इंची फुलरेंज, सगळे स्वर एकट्याने वाजवणारे.

आता मानेत गाणाऱ्याचा इलाज. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. दारातला स्पीकर हेडरेस्टपेक्षा साधारण ६८ सेंटिमीटर लांब, म्हणजे त्याचा आवाज २ मिलिसेकंद उशिरा येतो. डेकमध्ये टाइम अलाइनमेंट (एखाद्या स्पीकरचा आवाज मुद्दाम उशिरा सोडायची सोय) असेल तर हेडरेस्टला अडीच-तीन मिलिसेकंद उशीर दे. जो आवाज आधी पोचतो तिकडून तो येतोय असं मेंदू धरून चालतो. मग गाणारा उठून पुढे काचेपाशी जाऊन बसतो. जादू वाटते पण नाही.

बेसचा_बादशहा

आणि बेस?? एवढं सगळं करून डग्गा तर नाहीच आला ना

सोल्डरकाका

येईल, बादशहा, थांब.

टप उघडा असताना ६० हर्ट्झच्या खालचं ऐकायचा हट्ट सोडायचा. ते सगळं कापून टाक, त्यात पॉवर आणि कोन दोन्ही फुकट जातात. ८० पासून २०० पर्यंत थोडं उचल. गंमत अशी की मूळ स्वर दाबला गेला तरी त्याच्या वरच्या पटीतले स्वर ऐकू आले तर कान मूळ स्वर आपला आपण भरून घेतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो याच कारणाने, तो मूळ स्वर फोनमधून आलेलाच नसतो.

आणि खरा थरथराट पाहिजे असेल तर सीटखाली बेस शेकर लाव. तो हवा हलवत नाही, सीट हलवतो. वाऱ्याचा आणि त्याचा संबंधच नाही. शेजारच्या सोसायटीलाही पत्ता लागत नाही.

शांतताप्रिय

हे आवडलं.

टपउघडा

काका, मासोळीताई, डोक्यावरून पाणी. आज लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो, चार तास, दोन वडापाव. घेतलं ते असं: सिंगल डिनचा, म्हणजे छोट्या मापाचा डेक (टाइम अलाइनमेंट आहे, गोल बटण आहे, दोन सेटिंग साठवता येतात), साडेसहाचा कंपोनंट सेट रबर कडेचा, साडेतीनची जोडी हेडरेस्टसाठी, छोटा चार चॅनलचा अ‍ॅम्प, चॅनलला खरे ५० वॅट. दोन चॅनल दारांना, दोन जोडून शेकरला, हेडरेस्ट थेट डेकवर. सगळं मिळून त्रेचाळीस. फिटिंग तिथल्याच ओळखीच्या एका माणसाकडे टाकतोय, शनिवारी.

सोल्डरकाका

उत्तम. फिटिंगवाल्याला तीन गोष्टी सांग. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, ३० अँपिअरचा. तो अ‍ॅम्पसाठी नाही, तारेसाठी असतो, तार कुठे घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून, आणि तुझी बॉडी फायबरची आहे, फायबर जळतं हे लक्षात ठेव. आठ गेजची (गेज म्हणजे जाडीचं माप) तांब्याची तार, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. आणि पॉवरची तार एका बाजूने, आरसीए, म्हणजे डेकमधून अ‍ॅम्पला गाणं नेणारी तार, दुसऱ्या बाजूने.

टपउघडा

(तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, वाट लागलीय.

फिटिंग झालं. दिसायला झकास. चालू केलं, इंजिन बंद असताना आवाज असा की अंगावर काटा आला. इंजिन चालू केलं आणि सगळ्या स्पीकरमधून घूंऽऽऽ, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घूंईंऽऽऽ, जितके आरपीएम तितका सूर वर. मामा शेजारी बसला होता, म्हणाला वा, आता इंजिन स्पीकरवर ऐकू येतं.

फिटिंगवाला म्हणतो गाडी जुनी, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) खराब, बदला. त्याच्यावर एक फिल्टर लावून दिला, बाराशे घेतले, घूं जरा बारीक झालं, गेलं नाही. कधीकधी अ‍ॅम्प मधेच बंदही होतो. काय करू, अल्टरनेटर शोधायला कुर्ल्याला सीएसटी रोडला जाऊ का?

सोल्डरकाका

थांब! अल्टरनेटरला हात लावू नकोस. अ‍ॅम्पची काळी तार, निगेटिव्ह, कुठे जोडलीय ते फोटो काढून टाक.

टपउघडा

सीटच्या मागे बॉडीला स्क्रू मारून लावलीय. छान घट्ट आहे.

सोल्डरकाका

बॉडी कशाची आहे रे बाळा?

टपउघडा

फायबर

अरे देवा

हवाहवाई_७७

😂😂😂 प्लास्टिकच्या बादलीला अर्थिंग दिली

माहीमची_मासोळी

हसू नका हो, बाराशे गेले त्याचे. (मी पण हसतेय.)

सोल्डरकाका

हसण्यासारखं आहे पण चूक नेहमीची आहे. नेहमीच्या गाडीत सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, म्हणून मिस्त्री कुठेही स्क्रू मारतो आणि काम होतं. हात तसाच वळतो. फायबरला वीज जातच नाही. मग तुझा अ‍ॅम्प चालतोय कसा, तर बिचारा आरसीएच्या केसाएवढ्या जाळीतून, डेकमधून, डेकच्या अर्थमधून परतीची वाट शोधतोय. सगळा प्रवाह गाण्याच्याच तारेतून परत येतो, त्याबरोबर अल्टरनेटरची घूंघूं पण. जास्त ओढलं की व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅम्प बंद. डेक जळला नाही हे नशीब, आता तपासेपर्यंत अ‍ॅम्प लावूच नकोस.

मल्टीमीटर असेल तर एक टोक अ‍ॅम्पच्या निगेटिव्हला, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, गाणं जरा जोरात, मिनिटभरच. व्होल्ट सांग. ०.१ च्या आत पाहिजे.

टपउघडा

१.४ 😐

सोल्डरकाका

मिळाला चोर. उपाय: लोहार चाळीतून आठ गेजच्या तारेचे तांब्याचे लग (तारेच्या टोकाला बसतात ते) आण, प्लस जितक्या जाडीची तितक्याच जाडीची काळी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ने. खालचा लोखंडी सांगाडा जवळ आहे पण इतक्या वर्षांच्या मुंबईच्या लोखंडावर मी विश्वास ठेवत नाही, गंजाखाली काय आहे कुणास ठाऊक. डेकची अर्थ पण त्याच ठिकाणी, एकाच नटाखाली. आणि तो बाराशेचा फिल्टर काढून टाक, तारेत फुकटचा एक जॉइंट वाढलाय.

फायबरचाच अजून एक प्रसाद. एफएम नीट लागत नसेल ना? एरियलची काडी पाऊण मीटरची असते, एफएमच्या लाटेचा चौथा हिस्सा, आणि तिला खाली धातूचा पत्रा लागतो, तो पत्रा म्हणजे एरियलचा उरलेला अर्धा. तुझ्याकडे पत्राच नाही. बुडाशी तांब्याची पट्टी लावून सांगाड्याला जोड, थोडा फरक पडेल.

टपउघडा

एफएम लागतच नाही! मामा म्हणायचा रेडिओ स्टेशनवाल्यांनाच गाडी आवडत नाही.

बेसचा_बादशहा

काका एक प्रश्न माझी पण घूं करते थोडी स्विफ्ट आहे लोखंडी आहे तरी का

सोल्डरकाका

स्क्रूखालचा रंग खरवडला होता का? रंग पण वीज सोडत नाही. खरवड, घट्ट कर, वरून परत रंग नाहीतर ग्रीस मार.

बेसचा_बादशहा

करून बघतो

बेसचा_बादशहा

काका गेली!!! दोन वर्षं सहन करत होतो. चरणस्पर्श

टपउघडा

शेवटचा अपडेट (बहुतेक).

काळी तार बॅटरीपर्यंत मीच ओढली, रविवारी अख्खा दिवस, आईने तीनदा येऊन विचारलं गाडी उघडून ठेवलीयस की मोडून. मीटरवर ०.०४. घूंघूं पूर्ण गेली, इंजिन चालू असताना मधल्या शांततेत काहीच ऐकू येत नाही, तंबोरा तंबोऱ्यासारखा वाटतो.

डेकमध्ये दोन सेटिंग ठेवलीत, 'टप बंद' आणि 'टप उघडा'. बंदमध्ये हेडरेस्ट जवळजवळ मुके, शेकर थोडासा. उघड्यामध्ये हेडरेस्ट वर, ६० च्या खाली दारांना कात्री, १०० च्या आसपास उचललंय, आणि वरचे स श टोचायचे तिथे थोडं दाबलं. हेडरेस्टला २.८ मिलिसेकंद दिले, काकांनी सांगितलेलं तसंच झालं, २ ला गाणारा माझ्या डोक्यात बसला होता, २.८ ला उठून काचेपाशी गेला. एकटाच पार्किंगमध्ये बसून खालीवर करत होतो, वॉचमन येऊन विचारून गेला बरं वाटतंय ना साहेब.

अक्रिलिकच्या पट्टीने सगळ्यात जास्त फरक पडला हे मान्य करायला जड जातंय, कारण तिचा खर्च सगळ्यात कमी. पुठ्ठ्याची लावून गेलो तेव्हाच कळलं. आधी करायला पाहिजे होती, कदाचित बाकीचं निम्मं घेतलंही नसतं. शेकर मात्र अजून पटलेला नाही मला. डग्ग्याला मजा येते पण पखवाज लागला की सीटखाली कुणी दार ठोठावतंय असं वाटतं. लेव्हल निम्मी केलीय, बघू.

काल मामाला घेऊन गेलो. मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरायच्या आधी अभंग लावला होता, साठला, टप उघडा, काचा वर. मामा काही बोलला नाही. बोटांनी दारावर ठेका धरला होता, ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. बोगद्याचं तोंड आलं तसा म्हणाला, "आता बंद कर, आत इंजिन ऐकू दे." बंद केलं. बोगद्यात साठच्या वर जायचं नाही, पण तिसऱ्यात टाकून तो ११४९ सीसीचा आवाज भिंतींवरून परत येतो तेव्हा काय सांगू. प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर पडलो, उजेड आला, मामाने हात पुढे करून स्वतःच गोल बटण फिरवलं.

माहीमची_मासोळी

वाचून गाडी काढावीशी वाटली. 'बघितलं नाही असं दाखवलं' 👌

हवाहवाई_७७

फोटो?? फोटो??? पहिल्या प्रतिसादापासून मागतोय

शांतताप्रिय

अभिनंदन. आमच्या सिग्नलला आलात तर खिडकीतून हात करेन.

सोल्डरकाका

छान झालं. मामाचं बोगद्याबद्दलचं मत मला पटतं.

शेकरसाठी ८० च्या वरचं कापून बघ, ठोठावणं तिथूनच येत असणार. आणि पाऊस दहा दिवसांवर आलाय, शीट लावल्यावर दाराच्या तळाची भोकं उघडी आहेत का ते तू सांगितलंच नाहीस. पेन घालून बघ आणि इथे लिही.

टपउघडा

बघतो

टपउघडा

काका, डावीकडची दोन्ही बंद होती. शीट खालपर्यंत चिकटवली होती त्याने. ब्लेडने कापली आत्ता, अर्धा तांब्या पाणी आलं बाहेर, परवा गाडी धुतली त्याचं.